एका जातीचे वर्णन

नव्या जातीचे वर्णन हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले तर साहित्याचे अभ्यासक भुवया उंचावतील आणि प्राणिशास्त्रज्ञांना ती थट्टा वाटेल. (जात हा शब्द इथे जीवशास्त्रातला आहे, दुसऱ्या जातीविषयी आपण पुरेसे लिहीत असतोच.) तरीही गेली काही वर्षे हे लेखन वाचता वाचता माझे हे मत पक्के होत गेले आहे. त्याला ठरलेली रचना आहे, सुनीताहून कडक नियम आहेत, स्वतःची शब्दकळा आहे. लेखकाने स्वतःला पूर्णपणे पुसून टाकावे अशी अपेक्षा आहे, आणि एकाच ठिकाणी, दोन ओळींपुरती, त्याला मन मोकळे करण्याची मुभा आहे. त्याचे आजचे वाचक मोजकेच असतात. पण दोनशे वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही ते उघडावे लागते. प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात १७५८ या सालापासून धरतात, कारण लिनीअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. तिच्यातली त्रोटक वर्णने आजही चाळली जातात. आपल्यापैकी किती लेखकांना इतक्या चिकाटीचा वाचक लाभेल?

या लेखनाशी माझा संबंध आला तो भाषेच्या निमित्ताने. मी केमचा. करमाळा तालुक्यातले, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे हे गाव. उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकवाचे कारखाने या दोन गोष्टींसाठी लोक त्याला ओळखतात. आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. माझा एक जुना विद्यार्थी पुढे पाण्यातल्या किड्यांच्या अभ्यासाकडे वळला आणि शाळकरी मुलांसाठी मराठीत एक पुस्तिका करावी म्हणून मला शब्द विचारू लागला. त्याने वाचायला पाठवलेला पहिला लेख मेफ्लायच्या एका नव्या जातीच्या वर्णनाचा होता. नर, मादी आणि निम्फ या तिन्हींच्या आधारे केलेल्या वर्णनाचा. 'निम्फ'ला मराठीत काय म्हणावे, हा त्याचा पहिला प्रश्न. मी 'पिल्लू' सुचवले, कारण मावा-तुडतुड्यांच्या फवारणीच्या पत्रकांतून तो शब्द आमच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. 'मेफ्लाय'पाशी मात्र आम्ही अडलो. 'मेमाशी' म्हणावे, तर आमच्याकडे मे महिन्यात ओढ्याला पाणीच नसते, आणि हा कीटक माशीही नव्हे. लोकांच्या तोंडी 'दिव्यावरची पाखरं' एवढेच आहे, आणि त्यात दिव्यावर येणारे सगळेच आले. शेवटी मेफ्लायच ठेवले.

ज्यांनी हा कीटक निरखून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाजूक, लांबट देह. पाठीवर मिटून उभे धरलेले पारदर्शक पंख. शेपटाशी दोन किंवा तीन लांब तंतू. जगभरात त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. प्रौढाला खाण्यायोग्य तोंड नसते. अन्नमार्गात अन्नाऐवजी हवा भरलेली असते. जोडीदार शोधणे, अंडी घालणे आणि मरणे, एवढेच त्याचे काम. बहुतेक जातींत ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आटोपते. अमेरिकेतल्या डोलेनिया अमेरिकाना या जातीची मादी तर प्रौढ रूपात पाच मिनिटेही जगत नाही. ग्रीकांनी त्याला 'एका दिवसाचा' म्हटले आणि तेच नाव त्याच्या गणाला मिळाले. परंतु त्याआधी तो कित्येक आठवडे, महिने, थंड प्रदेशात एखाददोन वर्षेही पाण्यात काढतो. तिथे त्याला पंख नसतात. पोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले असतात, दगडावरचे शेवाळ खरवडणारे भक्कम तोंड असते. पुन्हापुन्हा कात टाकत तो वाढतो. मग एके दिवशी तो पाण्याच्या पृष्ठभागावर येतो, कात उलते, आणि मळकट पंखांचा एक जीव उडून जवळच्या पानावर बसतो. हा अजून प्रौढ नव्हे, उपप्रौढ. काही तासांनी तो पंखांसकट आणखी एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावरही कात टाकणारा दुसरा कुठलाही कीटक आज पृथ्वीवर नाही.

आता वर्णनाच्या रचनेकडे वळू. आधी 'तपासलेले नमुने' : किती नर, किती माद्या, किती पिल्ले, कोणत्या ओढ्यातून, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले, आज कोणत्या संग्रहात आहेत. त्यांतला एकच नमुना 'होलोटाइप', म्हणजे नावाचा कायमचा धनी. पुढे कधी वाद उद्भवला तर नाव त्या एका देहाबरोबर जाते. मग प्रौढ नराचे वर्णन : डोके, डोळे, छाती, पाय, पंखांच्या शिरा, आणि मादीला धरण्याचे चिमटे. क्रियापदे जवळजवळ नसतातच. पंख रंगहीन, शिरा फिकट तपकिरी, पाय पिवळसर, अशा तऱ्हेने ते पुढे सरकते. नंतर मादी, आणि शेवटी पिल्लू. जवळच्या भाऊबंदांहून ही जात कशी ओळखावी, याचा एक स्वतंत्र परिच्छेद असतो. आणि एका कोपऱ्यात नावाची व्युत्पत्ती.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत एक कलम आहे, त्याचे मला मोठे अप्रूप वाटते. १९३० नंतर दिलेले नाव ग्राह्य धरायचे असेल तर जातीचे वेगळेपण शब्दांत सांगितलेले असावे लागते. नुसते छायाचित्र चालत नाही, नुसते रेखाचित्रही नाही. सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे कितीही स्पष्ट निघोत, कोणीतरी बसून ते शब्दांत उतरवलेच पाहिजे. पाहणे आणि सांगणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि सांगितल्याशिवाय पाहिलेले पक्के होत नाही. ही गोष्ट मराठीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगत आलो. विज्ञानाने ती कलम घालून ठेवली आहे.

मेफ्लायच्या बाबतीत या सांगण्यात एक पेच आहे. त्याच्या दोन रूपांत साम्य असे जवळजवळ नाहीच. दिव्यावर आलेला प्रौढ एका संशोधकाच्या हाती लागतो, ओढ्यातले पिल्लू दुसऱ्याच्या. दोघे आपापले वर्णन करतात, दोन नावे देतात, आणि एकाच जिवाची दोन खाती उघडली जातात. पुढे कधीतरी ती एक असल्याचे कळले की सामान्यतः जुने नाव राहते आणि नवे गळते. या पेचाची सर्वांत नामांकित कथा प्रोसोपिस्टोमाची. (विश्वकोशाच्या परिभाषेत ही 'प्रजाती', म्हणजे जवळच्या जातींचा समूह, वृत्तपत्रे हा शब्द सरसकट 'जाती'च्या अर्थाने वापरतात. असो.) पाठीवर ढालीसारखे कवच, त्याखाली कल्ले झाकलेले, असा हा चिमुकला जलचर जॉफ्रॉय या फ्रेंच अभ्यासकाने १७६२ मध्ये नोंदवला. १८३३ मध्ये लात्रेईने त्याला प्रोसोपिस्टोमा हे नाव देऊन झिंगे-खेकड्यांच्या वर्गात बसवले. तो मेफ्लायचे पिल्लू आहे हे उमगायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. शंभर वर्षे एक जीव परक्या घराण्यात नांदत होता, कारण त्याला पंख फुटताना कोणी पाहिले नव्हते! याच प्रजातीची दक्षिण भारतातली एक जात विल्यम पीटर्स यांनी १९६७ मध्ये प्रोसोपिस्टोमा इंडिकम या नावाने वर्णिली.

हा पेच सोडवण्याचा जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग म्हणजे पिल्लू वाढवणे. ज्याच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळवंडले आहेत, म्हणजे ज्याची वेळ जवळ आली आहे, असे पिल्लू निवडायचे. त्याच ओढ्याच्या पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ते ठेवायचे. पाणी तापू द्यायचे नाही, त्यातली हवा कमी होऊ द्यायची नाही. उपप्रौढ बाहेर पडला की त्याला धक्का न लावता शेवटच्या कातेची वाट पाहायची. हे सारे साधले तर एका कुपीत, मद्यार्कात, तीन वस्तू एकत्र जातात : प्रौढ देह, उपप्रौढाची कात आणि पिल्लाची कात. पिल्लाच्या कातेवर त्याचे जबडे, कल्ल्यांच्या खुणा, पायांवरचे केस सगळे शाबूत असतात. एकाच जिवाने अंगावरून उतरवलेली ही वस्त्रे. आता कोणाला शंका घेता येत नाही. २००३ पासून जनुकीय 'बारकोड'चा दुसरा मार्गही रुळला आहे. पेशीतल्या एका ठरावीक जनुकाची सुमारे साडेसहाशे अक्षरे वाचायची आणि प्रौढाची व पिल्लाची जुळतात का ते पाहायचे. अक्षरे जुळली की नाते सिद्ध होते. तरीही माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला ती कुपी अधिक पटते. तिच्यात पुराव्याबरोबर कोणीतरी रात्रभर जागल्याची खूण आहे.

साहित्याने मात्र या कीटकाचे वर्णन नेहमी एकाच रूपावरून केले. सकाळी जन्मला, संध्याकाळी मेला. घ्या क्षणभंगुरतेचा दृष्टान्त. ॲरिस्टॉटलपासून ही परंपरा आहे. आपल्याकडे दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाने हीच चाकरी इमानाने केली. दृष्टान्ताला एवढेच रूप पुरते, कारण त्याला कीटकाशी कर्तव्य नसते, माणसाला ताकीद द्यायची असते. हॉलंडमधल्या यान स्वामरडाम याने १६७५ मध्ये या कीटकावर एक पुस्तक काढले, आणि शीर्षकातच त्याला मानवी जीवनाचे चित्र म्हटले. भाविक माणूस होता. उपदेश भरपूर आहे. पण तोच स्वामरडाम नदीकाठच्या चिखलातल्या बिळांतून पिल्ले काढून त्यांचे विच्छेदन करत बसला होता. ज्याला जग एका दिवसाचे म्हणत होते तो जीव आधी सुमारे तीन वर्षे चिखलात राबतो, हे त्यानेच लिहून ठेवले. उपदेशक आणि निरीक्षक यांचे त्या पुस्तकात पटत नाही, आणि म्हणूनच ते आजही जिवंत वाटते.

मला या सगळ्यात गुंतवले ते याच गोष्टीने. एखाद्या आयुष्याचे वर्णन त्याच्या शेवटच्या, उजेडातल्या दिवसावरून करायचे, ही खोड आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. माझ्या आजोबांना मी ओळखतो ते फेटा बांधून काढलेल्या एका तसबिरीवरून. लोहमार्गावर खडी टाकण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली, ती तसबिरीत नाहीत. गावाचेही तेच. केमचे कुंकू दूरदूरच्या देवघरांत पोचते. ते दळताना, चाळताना ज्या बायांचे केस, पापण्या, पदर लाल होतात, त्या कुंकवाच्या डबीत दिसत नाहीत. मृत्युलेख, गौरवग्रंथ, आत्मचरित्रे हे आपले बहुतेक चरित्रलेखन प्रौढ नराच्या वर्णनाशी थांबते. पिल्लाचे वर्णन जोडल्याशिवाय जातीची ओळख अपुरी मानणारा हा शुष्क वाङ्मयप्रकार त्या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहे, असे मला वाटते.

आणि प्रश्न केवळ न्यायाचा नाही, ठिकाणाचाही आहे. पावसाळ्यात केम स्टेशनच्या दिव्यांखाली पाखरांचा खच पडतो. त्या पाखरांना ठिकाण नसते. ती विहिरीतून आली, शेततळ्यातून आली की ओढ्यातून, हे दिवा सांगत नाही. क्लोइऑन प्रजातीतले मेफ्लाय साचलेल्या पाण्यात, तळ्यांत, हौदांतही वाढतात. दुसऱ्या कित्येकांना वाहते, थंड, दगडांवरून खळाळणारे पाणीच लागते. पिल्लू सापडले की ठिकाण सापडते, अगदी या दगडाच्या खालच्या अंगाला, इतके नेमके. वर्णनातली ती स्थळांची नोंद वाचताना मला महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण होते. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागा, देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, त्यापासून दुसरे देऊळ कोणीकडे, हे त्या पंथाने किती निगुतीने लिहून ठेवले! जिथे काही घडले ती जागा पुसली जाऊ नये, ही त्या लेखनामागची कळकळ. नमुन्याच्या कुपीतली कागदाची चिठ्ठी याच कुळातली. कायद्यानेही आता तिची बूज राखली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे देशात नवी जात सापडली की नमुने सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावे लागतात; १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था त्यांपैकी एक. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे आणि आपल्या बाजूचे केंद्र पुण्याजवळ आकुर्डीला.

भारतात मेफ्लायचे हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते तमिळनाडूत. मदुराईत अध्यापन करणारे के. जी. शिवरामकृष्णन यांनी १९८४ मध्ये पीटर्सुला कोर्टालेन्सिस ही नवी जात, आणि तिच्यासाठी नवी प्रजातीही, जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी एडमंड्सुला लोटिका. या नावांची फोड केली की तो दोन ओळींचा मोकळा कोपरा उघडतो. पीटर्स आणि एडमंड्स हे मेफ्लायचे दोन थोर अमेरिकी अभ्यासक. 'कोर्टालेन्सिस' म्हणजे कुट्रालमची, त्या प्रसिद्ध धबधब्याच्या गावची. 'लोटिका' म्हणजे वाहत्या पाण्यातली. आधीच्या अभ्यासकांचे ऋण, गावाचे नाव, पाण्याचा स्वभाव. इतक्या थोड्या शब्दांत एवढी कृतज्ञता आपल्या अर्पणपत्रिकांना क्वचितच साधते.

कुट्रालम सह्य पर्वताच्या दक्षिण टोकाला. आमची भीमा त्याच पर्वतरांगेत, उत्तरेकडे भीमाशंकरला उगम पावते आणि उजनीच्या धरणात येऊन पसरते. त्या जलाशयाचे पाणी करमाळा तालुक्याला लागून आहे. पलीकडून सीना जाते. दोन नद्यांच्या मधला आमचा मुलूख मात्र अवर्षणाचा. ओढे चार महिने वाहतात, उरलेले वर्ष दगड तापत पडतात. अशा ओढ्यांतही मेफ्लाय असतात. काही जाती कोरडा काळ अंड्यांच्या रूपाने काढतात, काहींच्या माद्या बारमाही डोहांकडून उडत येऊन पाणी आल्याबरोबर अंडी घालतात. दगड, वाळू, डोह, खळगे ही त्यांची वतने. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत राज्यातले असंख्य ओढे पोकलेनने रुंद व खोल झाले. २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा जाहीर झाला. टँकरमागे धावलेल्या गावात राहून पाणी अडवण्याला नाके मुरडण्याची माझी छाती नाही, आणि तसे मला वाटतही नाही. परंतु खोल केलेल्या ओढ्याचा तळ सरळ चरासारखा होतो. दगड काठावर जातात, खळगे बुजतात. पाणी वाढते आणि त्यातले घर मोडते. यंत्र येण्याआधी कोणी एक सकाळ त्या तळाशी बसून चार दगड उलटून पाहिले असते, तर काय मोडते आहे हे निदान कागदावर राहिले असते.

कागदावर राहिल्याने काय होते, असे कोणी विचारील. स्वामरडामने ज्या पालिंजेनिया लाँगिकॉडाची पिल्ले ऱ्हाईनच्या मुखाजवळच्या चिखलातून काढली, ती जात आज हॉलंडमध्ये उरलेली नाही. हंगेरीत तिसा नदीवर ती अजून आहे. जूनमध्ये लाखोंनी पाण्यावर उठते, आणि तिथले लोक म्हणतात की तिसा फुलली. २००० साली रुमानियातल्या एका सोन्याच्या खाणीतून सायनाइडचे पाणी त्या नदीत उतरले, त्यातूनही ती जात तरली. ऱ्हाईनचे काय हरवले हे आज नेमके सांगता येते, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने बिळांसकट ते लिहून ठेवले होते. ज्या ओढ्याचे वर्णनच झाले नाही, त्याचे काही हरवले असेही कोणी म्हणणार नाही.

आमची पुस्तिका आता आकाराला येते आहे. तिच्यात मुलांसाठी एक कोरे पान आहे : ओढ्याचे नाव, तारीख, दगड कुठला, आणि मग जे दिसले ते, आपल्या शब्दांत. क्रमावरून मात्र आमचा दोघांचा वाद झाला. विद्यार्थी म्हणाला, "सर, शास्त्रात प्रौढ आधी येतो, पिल्लू शेवटी. प्रघातच आहे तसा." मी म्हणालो, "प्रघात तुमच्या नियतकालिकांत पाळा. इथे मुले आधी ओढ्यात उतरणार आहेत." तो पुष्कळ वेळ गप्प बसला. मग त्याने पाने उलटीसुलटी लावली, आणि पिल्लाचे पान पहिले आले.